शेपटीच्या टोकाचं बंदर

माझ्या नातीने, टीनाने, फोन माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "आबाजी, हे काय हाये ओळखा." ओळखायचं काय त्यात. पळसाच्या पानांचा डोंगा होता, म्हणजे होडी, हातभर लांब, आणि देवकाबाईच्या हातचा. देठ बगळ्याच्या मानेसारखा वर वळवलेला, बुडाला बांबूच्या काडीऐवजी बाभळीचा काटा टोचलेला, आत तेलाने काळी पडलेली वात. असा डोंगा या मुलखात एकच बाई करते आणि ती बाई, म्हणजे माझी बायको, त्या घडीला मागच्या अंगणात उन्हाला पाठ देऊन पोपटीच्या शेंगा सोलत बसली होती. पण फोटोतला डोंगा एका चकचकीत पोलादी टेबलावर होता. त्याच्या बाजूला फूटपट्टी ठेवलेली, चोरीच्या मालाशेजारी ठेवतात तशी, आणि कोपऱ्यात रबरी मोजा घातलेलं कुणाचं तरी बोट. "कोठचा फोटो हा?" मी विचारलं. "बंदरातला. बाबानं धाडला. म्हने आबाजीले दाखव, आजीले नको दाखवू." माझे पाय बाजेवरून खाली लोंबत होते ते मी वर घेतले. का घेतले कोण जाणे, पाणी चढल्यासारखं वाटलं. बंदर हा शब्द या घरात आजवर माझ्याच तोंडून निघत आला होता. बाहेरून आत आला तो आज पहिल्यांदा.

आमची लाईन म्हणजे मोठ्या लाईनीची शेपटी. तिरोड्याच्या अलीकडे ती मोठ्या लाईनीपासून फुटते, धानाच्या बांध्यांतून वाकडीतिकडी जाते, राईस मिलांच्या मागच्या दारांना एकेक करून शिवते, कोंड्याचं तेल काढणाऱ्या कारखान्यापाशी थोडी थबकते आणि पुढे एका मोहाच्या झाडापाशी संपून जाते. नुसती मालाची लाईन. माणसाला तिच्यात तिकीट नाही. मी तिच्यावर काटेवाला होतो, म्हणजे डबा कुठल्या मिलीत शिरायचा ते माझ्या हातातला दांडा ठरवायचा. आमची गाडी इतकी हळू चालायची की डब्यात सांडलेलं धान मुक्काम येईपर्यंत उगवून यायचं आणि मिलवाले आधी रोवणी उरकून मग माल उतरवायचे. ड्रायव्हर दुर्गाप्रसाद इंजिन चालतं ठेवून खाली उतरायचा, ढिवराशी मासळीचा भाव करायचा, भाव पटला नाही तर भांडायचा, आणि तरी पुढच्या वळणावर चालत जाऊन आपल्या इंजिनात चढायचा. एकदा तर इंजिनच त्याची वाट बघत थांबलेलं मी पाहिलं आहे. दुर्गाप्रसाद आता नाही, नाहीतर त्याने साक्ष दिली असती. अलीकडे डिझेल आलं, डबे जाऊन कंटेनर आले, आणि मोहाचं झाड तोडून तिथे सिमेंटचा मोठा ओटा घातला, त्यावर पाटी लावली : ड्राय पोर्ट. सुकं बंदर. तिथेच तांदळाच्या डब्याला सील ठोकतात आणि डबा थेट जहाजावर जातो म्हणतात. लोकांना नवल वाटलं. मला नाही वाटलं. तिथे मुंग्यांचं वारूळ होतं तेव्हापासून मी सांगत आलो होतो की ही लाईन बंदरात जाते. सरकारला उमजायलाच वेळ लागला.

मुन्ना दुपारी जेवायला म्हणून आला आणि हेल्मेटसुद्धा न काढता माझ्यासमोर उभा राहिला. मुन्ना माझा मुलगा. त्या सुक्या बंदरावर माल चढवणाऱ्या टोळीचा मुकादम आहे. हेल्मेटच्या काचेत मला माझंच तोंड दिसत होतं, आणि ते तोंड काही बरं दिसत नव्हतं. "पाहिला फोटो?" तो म्हणाला. "पाहिला." "डबा अडकून रायला तिकडे. मालात झाडपाला सापडला म्हून. वरच्या थप्पीत ठेवला होता, पोत्यांच्या मधात. हिमांशू साहेब इचारून रायला, कोनं टाकलं. हमालानं टाकलं म्हटलं तं टोळीचं काम जाते. मायनं टाकलं म्हटलं तं माहं जाते." मी म्हणालो, "मंग मी टाकलं म्हण. माहं काय जाते, मी तं कवाचाच गेलो." "बाबा, मजाक नका करू." त्याने हेल्मेट काढलं. कपाळावर त्याचा लाल वळ उठला होता आणि त्या वळामुळे तो लहान असताना डोकं आपटून आला होता तसा दिसत होता. "साहेबाचं मी पाहीन. तुमी एक काम करा. मायले खरं सांगून टाका." "काय खरं?" "तिकडे कोनी नाई म्हून. बंदरात कोनी बाई नाई, अना कधी नव्हती. आजच सांगा. नाईतर पुढच्या वर्सी ती तुहा जेवनाचा डबा घेऊन येन अना पुन्हा डोंगा ठेवन, मंग साहेब मले दारात बी उभा नाई करन." "तूच सांग ना." "मी कायले सांगू? ती बाई या घरात तुमी आणली." एवढं बोलून तो न जेवता निघून गेला. मागे त्याच्या मोटारसायकलीचा धूर आणि माझ्यापुढे ते वाक्य, दोन्ही बराच वेळ तरंगत राहिले.

आणली खरी. पण अशी ठरवून नाही आणली. लग्न होऊन देवका केशोरीहून आली तेव्हा आम्हाला लाईनीवरच्या फाटकाजवळची खोली मिळाली होती. चारी बाजूंनी बांध्याच बांध्या, जवळचं घर नजरेच्या पलीकडे. केशोरीत तिच्या माहेरी इतकी माणसं होती म्हणे, की सकाळी बोलायला सुरुवात केलेलं वाक्य संध्याकाळी भलतंच कुणी पुरं करायचं. इथे तिला दिवसभर बोलायला होता एक सिग्नल, तोही बहुतेक वेळ लाल. मी काट्यावर जायचो, दिवेलागणीला परत यायचो, तर ती सकाळी होती तिथेच बसलेली. रडायची नाही, भांडायची नाही. भरल्या मडक्यावर झाकण ठेवावं तसं तिचं तोंड हळूहळू मिटत गेलं. मी माकडाच्या गोष्टी सांगितल्या, इंजिनात शिरलेल्या अजगराची सांगितली, सासऱ्याच्या नकला करून दाखवल्या. मिशीखाली हसू येतं का पाहावं तर तिला मिशी नव्हती आणि हसूही नव्हतं. मला भीती वाटायला लागली. बोलायचं विसरलेली माणसं मी पाहिली होती. आणि मग एका संध्याकाळी तांदळाचे भरलेले डबे खोलीवरून सरकत होते, जमीन हलत होती, फळीवरची भांडी एकमेकांशी कुजबुजत होती, आणि ती एकदम म्हणाली, "हा तांदूर कोठी जाते?" खरं उत्तर मला माहीत नव्हतं. म्हणून मी जरा जास्तीचं उत्तर दिलं. "बंदरात," मी म्हणालो. "तिथं एक बाई हाये. सारा तांदूर तिच्या हातून जाते. सुपात घेऊन पाहते, मंग जहाजात चढवते." "कोन बाई?" "आपल्यासारखीच. लाईनीच्या त्या टोकाले तिची खोली, या टोकाले तुही. मधात कोनी नाई." यात खोटं काय होतं मला अजून समजलेलं नाही. रूळ रुळाला जोडलेलाच असतो. देवका डबे संपेपर्यंत बघत राहिली. शेवटचा डबा गेला, भांडी गप्प झाली. "तिचा नवरा?" "जहाजावर." "मंग ती बी एकलीच," ती म्हणाली, उठली, आणि चुलीत काड्या घालता घालता मला विचारत राहिली की ती बाई काय नेसते, तिच्याकडे शेण मिळतं का, मिळत नाही तर ती सारवते कशानं. त्या दिवसापासून झाकण निघालं ते निघालं. आता कधी कधी वाटतं, थोडं बसवून ठेवायला हवं होतं.

डोंगा मात्र माझा नाही. तो तिच्या डोक्यातून निघाला. नव्या तांदळाचा पहिला डबा भरला जात होता तेव्हा ती पदराखाली काहीतरी घेऊन आली आणि पोत्यांच्या फटीत सरकवून मोकळी झाली. "तिले कसं समजन हा आपल्याकडचा हाये?" वात कशाला, विचारलं तर म्हणाली, "जहाजवाल्याचं घर, दिवा लागतच असन." आता धाडलेल्याला उत्तर यायला नको? ती रिकाम्या डब्यांची वाट बघायला लागली. परत आलेला प्रत्येक रिकामा डबा ती दारात उभी राहून डोळ्यांनी झाडून काढायची. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, अशाच एका मंडईत कवड्या-शिंपले विकणारी एक बाई बसली होती, तिच्याकडून मी एक शिंपला घेतला, धोतराच्या सोग्यात बांधला आणि घरी येऊन म्हणालो, "रिकाम्या डब्यात सापडला." देवकाने तो उलटासुलटा केला, उजेडात धरला, मग जिभेला लावला. "खारट नाई." "धुतला असन तिनं." "हो," ती म्हणाली, "तशी नेटकी वाटते." शिंपला देवळीत ठेवला गेला आणि दरवर्षी त्याच्या शेजारी एक एक येत गेला. दरवर्षी मी म्हणायचो, रिकाम्या डब्यात सापडला. मुन्ना झाला त्या वर्षी मी आनंदाच्या भरात सांगून बसलो की तिलाही मुलगी झाली. झालं, देवकाने पाळण्यातच सोयरीक ठरवली. पुढे मुन्नाचं लग्न दुसरीकडे झालं तेव्हा तिने डोंग्यात दोन वाती ठेवल्या, त्या बाईला राग येऊ नये म्हणून. हळूहळू ती बाई माझ्या हातात राहिली नाही. एका वर्षी देवका म्हणाली, "तिचा नवरा यंदा घरी नाई आला." "तुले कोनं सांगितलं?" "शिंपला फुटका हाये ना." शिंपल्याची कड उडालेली होती; गर्दीत मी नीट पाहिलं नव्हतं. देवका दोन दिवस पोटभर जेवली नाही. तेव्हापासून मी मंडईत त्या विक्रेत्या बाईसमोर उकिडवा बसून तासनतास शिंपले निवडायचो, एखादा डॉक्टर नाडी बघतो तसा, आणि ती म्हणायची, आजोबा, शिंपलेच हायेत, वांगे नाईत. तिला काय माहीत की एखाद्या तड्याने तिकडे कुणाचं काय होईल.

माझी नोकरी संपली, गुडघे गेले, मंडई सुटली. मी मनाशी म्हटलं, आता बाई आपोआप मावळेल. पण त्या वर्षीही देवळीत नवा शिंपला आला. पुढच्या वर्षीही आला. कुणी काही बोललं नाही, शिंपला नुसता सकाळी दिसायचा. मी कुणाला विचारलं नाही. जन्मभर दुसऱ्यांना गोष्टी वाढल्या, वाढणाऱ्याच्या हाताकडे बघू नये एवढी रीत मला कळते. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. कधी कधी असंही वाटायचं की माझ्या थापेने मुळं धरली असतील, आणि आता ती माझ्याशिवाय आपली आपण फळं देते आहे. आणि आज मुन्ना म्हणतो, खरं सांगा. कसं सांगायचं? माणूस गेल्याचं सांगता येतं. जवळ बसावं, पाण्याचा पेला द्यावा, हळूच सांगावं. माणसं रडतात, मग जेवतात. पण नव्हतंच असं कसं सांगतात? त्याचं सुतक किती, तेरवी कुणाची घालायची? आणि बाई नव्हती म्हटलं की तिच्या बरोबर आणखी काय काय जाईल याचा हिशेब माझ्याने होईना. त्या फाटकाजवळच्या खोलीत दिवसभर देवका जिच्याशी बोलत होती ती जाईल. म्हणजे देवका पुन्हा त्या खोलीत एकटी बसलेली होईल, इतक्या वर्षांनंतर, मागे जाऊन; आणि मी दिवेलागणीला येऊन तिच्याकडे बघणारा. आणि न सांगावं तर मुन्ना. त्याच्या कपाळावरचा तो वळ. इकडचा दांडा ओढला तर डबा हिच्यावर जातो, तिकडचा ओढला तर त्याच्यावर. आयुष्यभर मी हेच काम केलं, पण तेव्हा डब्यात तांदूळ असायचा.

मी काठी घेऊन मागच्या अंगणात गेलो. टीना माझ्या मागोमाग आली आणि दारात टेकून उभी राहिली. तिला सगळं माहीत होतं आणि तिला ते पाहायचं होतं. देवकाने मान वर न करता सूप माझ्याकडे सरकवलं. "बसा. रिकामे हात घेऊन काऊन फिरता?" मी बसलो, शेंगा सोलायला लागलो. "मुन्ना आला होता," ती म्हणाली. "जेवला नाई. तुमी काई बोलले त्याले?" "मी कायले बोलू? त्यानंच मले..." शेंगेची साल अंगठ्याला चिकटली होती, ती मी काढत राहिलो. "देवका, ते बंदर हाये ना." "हां, पोचला असन डबा आतापावतर," ती म्हणाली. "यंदा डोंगा मोठा केला मी. तिची नजर बी आता कमी झाली असन ना, बारकं काई दिसत नसन." ऊन तिच्या पाठीवरून माझ्या हातांवर येत होतं. तिच्या मानेवर पांढरे केस भुरभुरत होते आणि त्यांच्या मधोमध लहानपणी पडलेली कांजिण्यांची खूण, तिथेच होती, जिथे ती केशोरीहून आली तेव्हा होती. मी तोंड उघडलं. उघडल्यावर नेहमी त्यातून काही ना काही निघतं, आज निघेना. मी पुन्हा मिटलं. "दाणे सालपटात अना सालपटं दाण्यात टाकून रायले तुमी," देवका म्हणाली. "डोरे तुमचेच गेले वाटते." मी म्हणालो, "देवका, आयक. ती बाई..." आणि तेवढ्यात पुढच्या दारी गाडी थांबली.

हिमांशू साहेब पोरगेला माणूस, रायपूरचा, इस्त्री मोडू नये म्हणून सावकाश वाकणारा. मुन्ना त्याच्या मागे, दोन्ही हात पॅन्टच्या खिशात खुपसून. मुन्नाने माझ्याकडे पाहिलं, भुवयांनी विचारलं, सांगितलं? मी सुपाकडे पाहिलं. त्याला कळलं. साहेब म्हणाला, "दादाजी, नमस्ते. मुन्ना ने सब बता दिया है, कि घर से ही रखा गया. अब बंदरगाह वाली मैडम पूछ रही हैं, किस पेड़ का पत्ता है, क्या-क्या लगा है. बिना उसके छोड़ेंगी नहीं. मुझे क्या मालूम, मैं तो पत्तों में सिर्फ़ पान पहचानता हूँ." म्हणजे मुन्नाने टोळीला वाचवलं होतं आणि मान आपली पुढे केली होती. साहेबाने फोन लावला आणि शेंगांच्या सुपाशेजारी ठेवला. मी हात पुढे केला, तो फोन उचलून कुठेतरी नेता आला असता तर बरं झालं असतं. पण फोन बोलायला लागला होता. एका बाईचा आवाज. "हैलो? किसने बनाया है ये?" आणि त्या आवाजाच्या मागे, खूप मागे, काहीतरी हंबरलं, लांबलचक आणि जाड. मी जन्मभर इंजिनांच्या शिट्ट्या ऐकल्या आहेत, हा आवाज त्यांच्यातला नव्हता. बंदर खरंच होतं.

देवकाने हात पदराला पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि फोनकडे तोंड करून म्हणाली, "मीच बनवला, बाई."

"कौन सा पत्ता है, अम्मा?"

"परसाचा."

"पलाश," मुन्ना मागून म्हणाला.

"और ये काँटा?"

"बाभरीचा. बांबूची काडी पान्यात ढिली पडते."

"बबूल," मुन्ना म्हणाला.

"बत्ती में तेल कौन सा है?"

"जवसाचं. घरचं हाये."

"अलसी का."

"अंदर कोई बीज तो नहीं रखा था? सच बताइए."

"बीज कायले ठेवीन? तुयाकडे वावर हाये का पेरायले?"

मुन्नाने हे सांगितलं नाही. पण पलीकडे ते पोचलं असावं, कारण ती बाई हसली. "नहीं अम्मा, खेत नहीं है. यहाँ सब सीमेंट है." देवकाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत होतं की शेण नाही, सारवण नाही, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. पलीकडची बाई आता समजावणीच्या सुरात बोलत होती. "देखिए अम्मा, खाने के माल में ये सब नहीं रखते. पूरा डिब्बा खाली करवाना पड़ा. इस बार साफ करवाके जाने दे रही हूँ, लिखके भी दे रही हूँ. अगली बार नहीं छोड़ूँगी. आपके ही लोगों का नुकसान होगा."

"तू म्हणते तं नाई ठेवत," देवका लगेच म्हणाली. मी पन्नास वेळा सांगितलेली कुठली गोष्ट तिने अशी ऐकली असेल तर आठवून बघतो आहे. "पर मंग तुले समजन कसं, माल कोठचा हाये?"

"काग़ज़ पे रहता है अम्मा. गोंदिया लिखा रहता है."

"हां, लिहिता वाचता येते तुले." देवकाला हे पटलं. मग आवाज थोडा खाली आणून म्हणाली, "डोंगा फेकू नको."

"फेंकूँगी नहीं. फाइल में लगेगा."

फोन बंद झाला. साहेबाने रुमाल काढून कपाळ पुसलं, इस्त्री मोडली तरी. "चलो, मुन्ना. डिब्बा छूट गया." दारापर्यंत जाऊन तो वळला. "और अम्माजी का टिफ़िन आज से गेट पर. अंदर नहीं." "जी साहेब," मुन्ना म्हणाला, आणि साहेबाची गाडी निघून गेली तरी तो तिथेच उभा राहिला, हात खिशात.

दूर शेपटीवरून कंटेनर ओढणारं डिझेल गेलं, फळीवरची भांडी हलली. देवकाने सूप मांडीवर घेतलं, माझ्या बाजूचे दाणे आणि सालपटं वेगळी करायला लागली. "आवाज तरणा हाये," ती म्हणाली. "मले वाटलं, आतापावतर म्हातारी झाली असन." मी काहीतरी बोलायला हवं होतं. टीना माझ्याकडे बघत होती, मुन्ना माझ्याकडे बघत होता; इतकी वर्षं या घरात अशा जागी पुढचं वाक्य माझंच असायचं. पण देवका थांबलीच नाही. "पोरगी असन तिची," ती म्हणाली, आणि मुन्नाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाह्य कशी शिकली. मोठ्या मोठ्या साहेबायले थांबवते. अना तू दहावीतच अडकला." टीनाने तोंडात ओढणी कोंबली. देवकाची नजर घराच्या आत, देवळीकडे गेली, तिथल्या ओळीवरून शेवटापर्यंत फिरली आणि शेवटच्या रिकाम्या जागेवर थांबली. "यंदा शिंपला नाई आला अजून," ती म्हणाली.

मुन्नाचा उजवा हात खिशातून बाहेर आला. त्यात गोदामाच्या किल्ल्या होत्या, खर्रा-तंबाखूची पुडी होती, आणि त्या दोहोंच्या मधे एक शिंपला. दुपारी माझ्यासमोर उभं राहून मला खरं सांगा म्हणताना तो त्याच खिशात असणार. माझ्याकडे न बघता त्याने तो आईच्या पुढ्यात धरला.

"रिकाम्या डब्यात सापडला, माय," तो म्हणाला.

देवकाने शिंपला उन्हात धरला, कडेवरून सावकाश अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"साबूत हाये," ती म्हणाली, आणि शेंगांकडे वळली.